रेडकाची सात मिनिटं

काकतीला हमरस्त्याच्या कडेला एका पोराचं फ्लेक्सचं दुकान होतं. बेळगावातून पुण्याच्या दिशेनं निघालं की थोड्याच वेळात हे गाव लागतं. कित्तूरच्या राणी चन्नम्मा 1778 साली इथं जन्मल्या, ही गावाची मोठी ओळख. आता रस्त्यालगत कारखाने आणि गोदामं झाली आहेत, पण त्यांच्या मागं ऊस आहे, भात आहे, गोठे आहेत. पोराच्या दुकानाला बारा महिने काम असायचं. वाढदिवस, वास्तुशांती, यात्रा, श्रद्धांजली, निवडणूक. मराठीला श्रीलिपी, कानडीला नुडी. एका बॅनरवर तीस-चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे कुणाचाही मान न दुखावता बसवायचे, ही कला त्याला साधली होती. मुळात हातही चांगला होता. शाळेत असताना वहीच्या कोपऱ्यात तो एकेका पानावर थोडा थोडा हललेला माणूस काढायचा आणि पानं फरफर सोडायचा. माणूस चालायचा.

एक दिवस मराठी शाळेतल्या पहिलीच्या बाई दुकानात आल्या. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत 2013 पासून मुलांना दूध देतात, क्षीरभाग्य त्या योजनेचं नाव. त्या दुधाच्या निमित्तानं म्हैस, रेडकू, गोठा यांवर मुलांना एक छोटं कार्टून दाखवावं, असं बाईंच्या मनात होतं. पैसे फारसे नव्हते, काही त्या स्वतःचे घालणार होत्या.

‘‘पैशाचं सोडा बाई,’’ पोरगा म्हणाला. ‘‘पहिलीच्या पोरांचं तर काम. दोन दिवसांत देतो.’’

आणि दिलंही त्यानं दोन दिवसांत. इंटरनेटवर तयार चित्रं मिळतात. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची एक हसरी गाय त्यानं उचलली, सगळी काळी केली, शिंगं मागं वळवली, झाली म्हैस. धार काढणारी बाई तयारच होती, तीन पायांच्या स्टुलावर बसलेली, पुढ्यात बादली. म्हैस शिंकते, बाई पडते, बादली उडते, कोंबडा ओरडतो. वर धडामधुडूम आवाज. तीन मिनिटांत खेळ खलास.

शनिवारी सकाळच्या शाळेत बाईंनी ते भिंतीवर लावलं. पोरगा मागं भिंतीला टेकून उभा होता. बाई पहिल्यांदा पडली तेव्हा मुलं हसली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा निम्मी हसली. तिसऱ्या वेळी दोघं एकमेकांच्या दप्तरातली पेन्सिल ओढत होती. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली.

‘‘बाई, ती स्टुलावर का बसलीय? म्हैस लाथ मारेल की.’’

दुसरा म्हणाला, ‘‘रेडकू कुठाय? रेडकू सोडल्याशिवाय म्हैस पान्हवत नाही.’’

‘‘आमची आजी आधी कास धुते.’’

‘‘बादलीत कोण धार काढतं? चरवीत काढतात.’’

बाईंनी कुणाला गप्प बसवलं नाही. सहा वर्षांची पोरं एकामागून एक उठत होती आणि बोलत होती, आणि त्यांच्या बोलण्यात एक अक्षरही चूक नव्हतं. पोरगा खाली मान घालून ऐकत राहिला. या मुलांना काय कळतंय, असं धरून त्यानं काम केलं होतं. त्यांना सगळं कळत होतं. रोज पहाटे ती गोठ्याच्या दारात डोळे चोळत उभी राहायची, चरवी धरायची, रेडकाचं दावं ओढायची.

संध्याकाळी बाई दुकानात आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. ‘‘कॉम्प्युटर मोकळा आहे का?’’ म्हणाल्या आणि त्यांनी एक जुनी फिल्म लावायला सांगितली. ‘एक अनेक और एकता’, 1974 ची, फिल्म्स डिव्हिजनची. एक ताई आपल्या धाकट्या भावाला एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय ते समजावते. मग चिमण्यांची गोष्ट येते, फासेपारध्याचं जाळं येतं, आणि ते जाळं कुरतडणारे उंदीर येतात. सगळं मिळून साधारण सात मिनिटं. ऐंशीच्या दशकात घरात टीव्ही आले तेव्हा दूरदर्शनवर ती इतक्यांदा लागायची, की त्या पिढीतल्या कुणालाही अर्धी चाल म्हणून दाखवा, उरलेली तो पुरी करतो.

पोराचे बाबा कारखान्याची पाळी संपवून घरी चालले होते. आवाज कानावर पडला आणि ते दुकानात शिरले. मुलाच्या मागं उभे राहून त्यांनी ती फिल्म शेवटपर्यंत पाहिली. मुलाच्या एकाही बॅनरपुढं ते एवढा वेळ उभे राहिले नव्हते.

‘‘हे तर लहान पोरांचं आहे,’’ पोरगा म्हणाला.

‘‘होय की,’’ बाबा म्हणाले. ‘‘खरं अजून बघावंसं वाटतंय.’’

मग बाईंनी त्याला ती फिल्म कुणी केली ते सांगितलं. ते मी इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण गोष्टीचं मूळ तिथं आहे.

दिग्दर्शन विजया मुळे यांचं. त्या 1921 साली मुंबईत जन्मल्या, 2019 मध्ये गेल्या, आणि मधली कित्येक वर्षं त्यांनी शैक्षणिक फिल्म या एका कामाला दिली. 1975-76 मध्ये उपग्रहावरून देशातल्या सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही पोचवायचा ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातली खेडीही त्यात होती. त्या खेड्यांतल्या शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम करणाऱ्यांत विजयाबाई पुढं होत्या. चित्रं हलवली भीमसैन यांनी, ज्यांनी पुढं ‘घरौंदा’ हा चित्रपट केला. गाणाऱ्या आवाजांत दाभोळच्या साधना सरगम होत्या, तेव्हा अगदी लहान. आणि संगीत वसंत देसाईंचं. सावंतवाडी-कुडाळ भागातला हा माणूस कोल्हापूरच्या प्रभात कंपनीत वाढला. ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘गुड्डी’ या चित्रपटांचं संगीत त्यांचं. मुलांच्या सात मिनिटांसाठी ते बसले तेव्हा एवढं सगळं त्यांच्या मागं उभं होतं. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, ते गेले.

‘‘त्यांना म्हणता आलं असतं ना, पोरांचं आहे, उरकून टाकू,’’ बाई म्हणाल्या. ‘‘नाही उरकलं त्यांनी.’’

मुलांची म्हणून केलेली गोष्ट मोठ्यांनी आपलीशी करावी, याचं लोकांना नवल वाटतं. जिथं जिथं असं झालं, तिथं थोडं थांबून पाहिलं की नवल कमी होतं. ‘टॉम अँड जेरी’ 1940 साली सुरू झालं ते थिएटरात, मोठ्या चित्रपटाच्या आधी दाखवायला. समोर तिकीट काढलेली मोठी माणसं बसलेली असायची, पोरांच्या खोलीत ते टीव्हीमुळं नंतर आलं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरला. वर्तमानपत्र मोठ्यांनी विकत घेतलेलं, आणि कित्येक घरांत चहाच्या कपाबरोबर पहिल्या बातमीआधी चिंटू वाचला जायचा. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी ‘जंगल बुक’ हिंदीत आलं. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. पोरांच्या कार्यक्रमातला वाघ आहे म्हणून नानांनी आवाज अर्धा लावला असता, तर आज चाळिशी ओलांडलेली माणसं त्या शेरखानची नक्कल करत बसली नसती.

लहानपणीची आठवण म्हणून मोठे असं बघतात, हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्याच काळात, त्याच टीव्हीवर कितीतरी गोष्टी लागल्या आणि विसरल्या गेल्या. शिवाय आठवणीचा काही संबंध नसलेलं उदाहरण अगदी ताजं आहे. ऑस्ट्रेलियात 2018 मध्ये ‘ब्लूई’ नावाचं कार्टून सुरू झालं. कुत्र्यांचं एक कुटुंब, दोन लहान मुली, एकेक भाग जेमतेम सात मिनिटांचा. 2024 मध्ये अमेरिकेत ऑनलाइन सर्वात जास्त पाहिला गेलेला कार्यक्रम हाच, 55 अब्जांहून अधिक मिनिटं. ज्यांच्या बालपणी ब्लूई नव्हती असे आईबाप तो बघतात, कारण त्यातला बाप दमलेला असतो, त्याला लोळायचं असतं, आणि तरी तो पोरींबरोबर खेळायला उठतो. पोरं पोरींकडं बघतात, मोठे बापाकडं. एकाच चित्रात दोघांनाही आपलं माणूस सापडतं. मात्र त्यासाठी चित्र काढणाऱ्यानं दोन्ही माणसं सारख्याच काळजीनं पाहिलेली असावी लागतात.

काकतीच्या पोरानं पाहायला सुरुवात केली. शेजारच्या एका म्हातारीच्या गोठ्यात तो पहाटे पाचला जाऊन बसू लागला. सुरुवातीला म्हैस बिचकायची, कान टवकारायची. म्हातारीनं त्याला रोजच्या एकाच जागी बसायला लावलं, तेव्हा आठवड्याभरात ती सरावली. मग त्याला हळूहळू दिसू लागलं. आधी रेडकू सोडतात, ते ढुशा देतं, चारी सड चोखतं. थोड्या वेळानं म्हशीचे डोळे अर्धवट मिटतात, कान सैल पडतात, रवंथ मंदावतो. म्हातारीला तेवढ्यावरून कळायचं की पान्हवली. मग रेडकाला ओढून आईच्या तोंडाशी बांधायचं, म्हणजे ती त्याला चाटत उभी राहते. मग कासेला पाणी, बोटांना तेलाचा थेंब, आणि उकिडवं बसून दोन गुडघ्यांत चरवी. त्यानं काढलेला हात म्हातारीला दाखवला तेव्हा ती म्हणाली, ‘‘बोटं नुसती ओढू नकोस गा. मुठीतनं सोड. वरनं खाली एकेक बोट मिटत येतंय बघ.’’ तो एक हात त्यानं किती वेळा खोडून काढला त्याला गणती नाही.

आवाजानं तर त्याला फारच शिकवलं. रिकाम्या चरवीत पहिल्या धारा पडतात तेव्हा पत्र्यावर टाचणी ओढल्यासारखा धारदार आवाज येतो. तळ झाकला की तो जाड होतो. फेस वर चढला की अगदी खोल, घुमणारा होतो. डोळे मिटून बसलेला माणूस चरवी किती भरली ते नुसत्या आवाजावरून सांगू शकतो. धडामधुडूम त्यानं काढून टाकलं आणि पहाटेच्या शांततेत मोबाइलवर ही धार रेकॉर्ड केली.

सेकंदाला बारा चित्रं धरली तर सात मिनिटांना 5,040 चित्रं होतात. सगळी नव्यानं काढावी लागत नाहीत, उभी म्हैस बराच वेळ उभीच असते. तरी पावसाळा सगळा त्यात गेला. बॅनरची कामं तो दिवसा करायचा आणि रात्री चित्रांना बसायचा.

गोष्ट त्यानं साधी ठेवली. तिन्हीसांजेला रेडकू दावं सोडवून उसात पळतं. म्हैस हंबरते, पान्हवत नाही. घरची बाई बॅटरी घेऊन बांधाबांधानं शोधायला निघते. रेडकाला वाटतं हा लपाछपीचा खेळ आहे. उजेड आला की ते उसाच्या बुडख्यात दडतं, पण शेपूट बाहेर राहतं. बाईच्या हातावर उसाच्या पानांचे चरे उठतात. डेअरीची वेळ होते आणि टळून जाते. शेवटी म्हशीचं हंबरणं ऐकून रेडकू आपल्या पायानं येतं. धार निघते, पण डेअरी बंद झालेली. बाई क्षणभर भरल्या चरवीकडं बघते, मग चूल पेटवते, सगळं दूध तापवते, आणि त्या रात्री घरची पोरं पेला भरभरून दूध पितात. बोलणं जवळजवळ नाहीच. नुसत्या हाका आहेत.

शाळेत दाखवलं तेव्हा मुलं रेडकाचं शेपूट दिसताच ‘‘तिथं! तिथं!’’ म्हणून बाकावर चढली. त्यांना न्यायला आलेली माणसं दारात थबकली. आत येऊन बसायला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटाला पडद्यावरच्या पोरांना दूध पिताना मिशा आल्या म्हणून मुलं हसत होती, आणि दारातल्या बाया एकदम गप्प झाल्या. ज्या घरातून दूध डेअरीला जातं त्या घरातल्या पोरांच्या वाट्याला रोज किती येतं, हे त्यांना माहीत होतं. ही गोष्ट पडद्यावर येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काही माणसं पोरांशिवाय आली. मग डेअरीवर संध्याकाळचं माप संपल्यावर भिंतीवर एकदा लावायचं ठरलं. एकदाचं पाचदा झालं. माणसं त्यावर वाद घालू लागली. रेडकू पारडी होती की रेडा? रेडा असता तर एवढं शोधलं असतं का कुणी? म्हशीचं दुसरं वेत असणार, पहिल्या वेताची इतकी शहाण्यासारखी उभी राहत नाही. एका आजोबांनी त्या दिवशीच्या दुधाला फॅट किती लागली असती याचा अंदाज सांगितला आणि दुसऱ्यानं तो खोडून काढला. पलीकडच्या गल्लीतले कानडी बोलणारे आजोबाही रोज येऊन बसत. गोष्टीत हाकांपलीकडं शब्दच नव्हते, त्यामुळं भाषेची अडचण कुणालाच आली नाही. पोराच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, ‘‘छलो ऐति नोडप्पा.’’ छान आहे बघ, असं.

एक जण मात्र काही बोलायचा नाही. पाळी सुटली की तो हेल्मेट हातात धरून मागं उभा राहायचा. त्यानं म्हशी विकून कारखान्याची नोकरी धरल्याला बरीच वर्षं झाली होती. धारेचा आवाज सुरू झाला की तो डोळे मिटायचा. एकदा सगळे गेल्यावर तो पोराजवळ आला आणि म्हणाला, ‘‘परत एकदा लाव की. तेवढीच धार.’’

पोरानं लावली. दोघं उभ्यानं ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना विचारलं, ‘‘बाई, मी तर हे पहिलीच्या पोरांसाठी केलं. मोठी माणसं का येतात?’’

बाई वह्या तपासत होत्या. ‘‘पहिल्या वेळी पोरांनी तुझ्या चुका काढल्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या त्यांनी कुणाचे हात बघून काढल्या?’’

त्यावर तो काही बोलला नाही. त्या हातांचीच माणसं तर संध्याकाळी भिंतीसमोर येऊन बसत होती. यात्रेच्या बॅनरवर, निवडणुकीच्या बॅनरवर त्यांचे चेहरे त्यानं शेकड्यांनी छापले होते. त्यांचं काम त्यानं पहिल्यांदा दाखवलं, तेही पोरांनी भाग पाडलं म्हणून.

दिवाळीनंतर बाईंनी नवी गोष्ट मागितली, रताळ्याच्या वेलाची. बेळगाव तालुक्याचं ते खास पीक, काढणीला घरातली पोरंसुद्धा शेतात असतात. या वेळी त्यानं दोन दिवसांत देतो असं म्हटलं नाही. पहिलं चित्र काढायच्या आधी तो पहिलीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसला, आणि वेल कसा उपटतात ते मुलांना विचारलं. चौघं-पाचजण एकदम उठले. उपटत नाहीत, म्हणाले, आधी वेल कापतात.